अंगदुखीआडचं दुखणं

ऊसतोडीचा हंगाम संपला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत मजुरांच्या टोळ्या परततात. सोबत अंगदुखी येते. कोयता चालवून, मोळ्या वाहून पाठ-कंबर दुखणारच, म्हणून तिच्याकडे कोणी निराळ्या नजरेने पाहत नाही. सुई, सलाईन, गोळ्या होतात. पण घरी चांगला विसावा मिळूनही अंग जडच राहिलं, पहाटे तीनला उघडलेला डोळा पुन्हा लागेना, भाकरी घशाखाली उतरेना, लेकरांवर उगाच खेकसणं वाढलं, तर दुखणं नुसतं हाडांचं नाही. ‘मी उदास आहे’ असं आपल्याकडचा माणूस क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘डोकं गच्च झालंय’, ‘कशातच जीव लागत नाही’.

माझ्या मते नैराश्याची सर्वांत मोठी खूण म्हणजे माणूस आवडीच्या गोष्टीतून अंग काढून घेतो. बैलांवर जीव असलेला गोठ्याकडे फिरकत नाही, हरिपाठ न चुकवणारी घरीच पडून राहते. असं दोन आठवडे चाललं, तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं.

आपल्या जिल्ह्यात हा विषय निघतो तो शेतकरी आत्महत्येच्या बातमीनंतर, आणि बोलणं कर्ज-नापिकीवर येऊन थांबतं. ती कारणं खरीच आहेत. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल गोळीने फिटत नाही, आणि समुपदेशनाच्या आड सरकारने शेतमालाच्या भावाचा प्रश्न दडवू नये. पण कर्जाने खचलेल्या मनाला आजार जडला असेल, तर त्याला औषध आहे. कर्ज फिटेपर्यंत ते थांबवून ठेवणं मला क्रूर वाटतं.

मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला तो यासाठीच. आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाखालची माणसं ओळखायची आणि उपचारापर्यंत पोचवायची. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथली राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं बीडपासून लांब आहेत. जवळ आहे ते बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. तिथे जाणारा वेडा ठरत नाही. देवरुषाकडे जायचं तर जा, पण त्यापायी डॉक्टरांची तारीख चुकवू नका.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून त्या सोडणारे पुष्कळ. बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच काळात ऊसतोडीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन कोपी (झोपडी) बांधायची वेळ येते. उपचार तुटतो तो इथे. निघण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा, पुरेशा गोळ्या आणि कागद सोबत घ्या. साखर कारखान्यांनीही मजुरांच्या तळावर हे औषध मिळेल अशी सोय केली पाहिजे. ज्यांच्या हातांवर गाळप चालतं, त्यांच्यासाठी एवढं करणं उपकार नव्हे.

घरात कोणी अबोल झालं असेल तर जवळ बसा आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातलं बाहेर पडायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो आजच मोबाइलमध्ये जपून ठेवा.