एक अधिक जुळी बरोबर किती?

महाराष्ट्र शासनाच्या हिशेबाप्रमाणे आम्हां उभयतांना दोन अपत्ये आहेत. घरात मात्र मुलांची म्हणून रोज तीन ताटे मांडावी लागतात. यात कोणाची लबाडी नाही. ‘महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम, २००५’ या नियमांनी शासकीय सेवेत येऊ पाहणाऱ्यांसाठी हयात अपत्यांची मर्यादा दोनवर आणली. आणि त्याच नियमांत असाही खुलासा केला की, एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुले जन्मली तरी ती मिळून एकच धरावीत. ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी कायद्यात जी अशीच अट घातली गेली, तिलाही हाच खुलासा जोडण्यात आला. थोरल्या मुलाच्या पाठीवर जुळ्या मुली झालेले आमचे कुटुंब या खुलाशात अगदी चपखल बसते.

जुळी होणे न होणे कोणाच्या हाती नसते, तेव्हा कायद्याने दिलेली ही सवलत रास्तच म्हटली पाहिजे. आमचे म्हणणे कायद्याविषयी नाहीच. आमचे म्हणणे असे की, ही मोजणी कचेरीत ठीक आहे. पण ती उंबरठा ओलांडून घरात येते आणि तिथे नुकसान करते. घरात तिच्या जोडीला आणखी एक चूक होते. दोन जुळ्यांचे मिळून एक मूल होते, आणि थोरले मूल मुलांच्या यादीतून वगळले जाऊन मोठ्या माणसांच्या यादीत शेवटी लिहिले जाते. तीन मुलांचे घर बघता बघता एका मुलाचे आणि अडीच मोठ्यांचे होऊन बसते.

लोणावळ्याहून पुण्याला जायचे तर आम्हांला लोकल सोयीची पडते. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी स्थानके मागे पडतात तसतशी गर्दी वाढते, आणि चढणाऱ्यांपैकी एखादी मावशी आमच्याकडे बघून हरखते. प्रश्न ठरलेले असतात. जुळ्या का हो? दोघींत मोठी कोण? किती मिनिटांनी? एक आजारी पडली की दुसरीही पडते का? मग कोणी सरकून जागा देते, कोणी एकीला मांडीवर घेते, कोणाच्या पिशवीतून बिस्किटाचा पुडा निघतो. या जिव्हाळ्याचे आम्ही ऋणी आहोत. मात्र या सगळ्या वेळात कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी सात वर्षांचा एक मुलगा बसलेला असतो. त्याच्याकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी, आणि त्याच्या वाट्याला प्रश्न येत नाही, प्रमाणपत्र येते : “दादा ना तू? शहाणा आहे हो, अगदी समजूतदार.” त्याचे नाव बहुधा कोणी विचारत नाही.

‘समजूतदार’ हा मराठी घरांतला फार लाडका शब्द आहे. पण तो कोणत्या प्रसंगी वापरला जातो हे एकदा नीट पाहावे. मुलाला एखादी गोष्ट समजली म्हणून आपण त्याला समजूतदार म्हणतो असे क्वचितच घडते. त्याने काही मागितले नाही, मागितलेले सोडून दिले, किंवा रडायचे होते तिथे तो रडला नाही, म्हणजे तो समजूतदार ठरतो. ज्याची समजूत काढावी लागत नाही, तो समजूतदार! मोठ्यांचा वेळ वाचवल्याबद्दल दिलेली ही शाबासकी आहे. मुलाला ती आवडते, आणि म्हणूनच ती टिकवण्यासाठी ते आणखी थोडे गप्प बसते.

आता धाकट्या दोघींकडे वळू. वरवर पाहता त्यांचे कौतुकच कौतुक होते. पण ते कौतुक जोडीचे असते, व्यक्तीचे नसते. आपल्या भाषेतच याची खूण सापडते. जुळ्यांच्या घरात ‘तू’ हे सर्वनाम दुर्मीळ होते. ‘जेवल्या का’, ‘झोपल्या का’, ‘या गं इकडे’, ‘भांडू नका’ अशी सारी क्रियापदे अनेकवचनात जातात. एकट्या मुलाला दिवसभरात जितकी वाक्ये त्याच्या डोळ्यांत बघून ऐकायला मिळतात, तितकी जुळ्यांपैकी एकीच्या वाट्याला येत नाहीत. तिला मिळतात ती निम्मी वाक्ये, आणि त्यांतलीही बरीचशी हुकमाची.

याचे परिणाम अभ्यासकांनी मोजले आहेत. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील अभ्यासात जुळ्यांची तुलना एकेकट्या जन्मलेल्या, पण वयाने जवळजवळच्या भावंडांशी केली होती. जुळी मुले भाषेत विसाव्या महिन्यात सरासरी १.७ महिने, तर छत्तिसाव्या महिन्यात ३.१ महिने मागे आढळली. बाळंतपणातल्या अडचणींत याचे कारण सापडले नाही. ते सापडले आई-वडील मुलांशी कसे बोलतात यात. हा फरक मोठा नव्हे आणि त्याने कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ‘दोघी मिळून एक’ ही मोजणी निरुपद्रवी नसते, एवढे यातून निश्चित दिसते. आणि जुळ्यांची घरे आता पूर्वीइतकी विरळा राहिलेली नाहीत. जगभरची आकडेवारी तपासणाऱ्या २०२१ सालच्या एका अभ्यासानुसार १९८० च्या दशकात हजार बाळंतपणांमागे ९ जुळी होत असत, ती आता १२ होतात. जन्मणाऱ्या दर ४२ मुलांमागे एक मूल जुळ्यांपैकी असते.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व फावल्या वेळातले तत्त्वज्ञान आहे. तसे नाही. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. धुके खिडकीतून आत येते, भिंतींना ओल धरते, दोरीवरचे कपडे चार दिवसांनीही दमटच लागतात. पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट वाळवीत. आम्ही पंखा आणि इस्त्री यांवर भागवतो. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांनी गाव तुंबते, तेव्हा मुलांना घेऊन बाहेर पडण्याचीही सोय राहत नाही. इंद्रायणी तांदळाचा मऊ भात दोन तोंडांत भरवायचा, दोन नाके पुसायची, आणि तेवढ्यात एकीने सांडलेले दुसरीने तुडवायचे. असा दिवस असतो. अशा दिवसात थोरल्याला हाक मारली जाणे अगदी स्वाभाविक आहे. टॉवेल आण, दार लाव, हिच्याकडे बघ, तिला उठवू नकोस. यांतले एकही काम जड नाही. पण त्यांची बेरीज कोणी करत नाही, आणि ती बेरीज म्हणजे एका मुलाची अख्खी दुपार असते.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. मावळात थोरल्यांनीच धाकट्यांना वाढवले, त्यात नवे काय? भातलावणीच्या दिवसांत बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या आणि बांधावर सात-आठ वर्षांची पोर कडेवर भावंड घेऊन उभी, हे दृश्य पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ यांतल्या कोणत्याही गावाला नवे नाही. अशी वाढलेली माणसे कष्टाळू आणि मायाळू झाली, हेही खरे. परंतु त्या घरांत आजी होती, चुलत्या होत्या, शेजार होता. दहा हातांमध्ये त्या पोरीचे दोन हात होते. आज दोन खोल्यांच्या सदनिकेत चार हातांना तिने जोड द्यायची असते. दुसरे असे की, त्या काळीही या व्यवस्थेची किंमत कोणीतरी मोजतच होते. बांधावर उभी असलेली पोर शाळेत नव्हती.

ही किंमत ज्यांनी ओळखली त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांमध्ये काम केले. शाळेत यायच्या वयाची मुले येत नाहीत, कारण ती घरी धाकटी भावंडे सांभाळतात, हे त्यांच्या ध्यानात आले. येथे त्या मुलांचे कौतुक करून थांबता आले असते. ‘किती जबाबदार मुले’ म्हणून त्यांच्यावर एक हृद्य लेख लिहिता आला असता. त्यांनी तसे केले नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी त्यांनी उभी केली. थोरल्याने धाकट्याला बरोबर आणावे, पाळण्यात ठेवावे आणि स्वतः शिकायला बसावे. थोरल्याची माया तशीच राहिली, त्याच्या कडेवरचे ओझे तेवढे उतरले. बालसंगोपनाविषयी मराठीत जे शहाणपण निर्माण झाले, त्यात याहून मोठे काही आम्हांला ठाऊक नाही.

त्या शहाणपणाची गरज मावळात आजही आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले. चिक्कीची दुकाने, लहान हॉटेले, बंगल्यांची राखण, घरकाम यांवर ज्यांची चूल चालते, त्यांना या आकड्याचा काय उपयोग? तिथे पाळणाघर म्हणजे अजूनही थोरले भावंडच. आम्हांला निदान दोघांनी मिळून रजा, पाळ्या आणि वेळा यांची जुळवाजुळव करता येते. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांच्या घरच्या ‘समजूतदार’ मुलाच्या पाठीवर किती भार असेल याचा विचार या गावाने आणि नगरपरिषदेने करायला हवा.

घराच्या आत काय करता येईल, याविषयीही थोडे ठोस बोलता येते. ज्यूडी डन आणि कॅरोल केंड्रिक यांनी केंब्रिजमधील ४० कुटुंबांचा अभ्यास करून १९८२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. धाकटे जन्मल्यावर आई आणि थोरले यांच्यातले खेळणे कमी होते आणि खटके वाढतात, हे त्यांना दिसले. ते अपेक्षितच होते. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्या घरांत आईने थोरल्याशी नव्या बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलणे केले, त्याला काय हवे असेल, ते का रडत असेल याची त्याच्याशी चर्चा केली, त्या घरांत वर्षभरानंतर भावंडांचे एकमेकांशी अधिक जमले. ‘बघ हिच्याकडे’ आणि ‘तुला काय वाटते, ही का रडत असेल?’ या दोन वाक्यांना वेळ सारखाच लागतो. पहिल्याने नोकर तयार होतो, दुसऱ्याने भाऊ. शिवाय दुसऱ्या वाक्यात ‘ही’ आहे. ‘या दोघी’ नाहीत. म्हणजे एकाच वाक्याने दोन्ही मोजण्या दुरुस्त होतात.

न्याय म्हणजे समान वाटप, असे आपण धरून चालतो. तीन मुले, तीन लाडू. पण वेळाचे लाडू वळता येत नाहीत. येथे आम्हांला वनपर्वातली यक्षाची कथा उपयोगी वाटते. चारही भाऊ निष्प्राण पडलेले असताना यक्ष युधिष्ठिराला म्हणतो, यांतला एक निवड. युधिष्ठिर भीमाला मागत नाही, अर्जुनाला मागत नाही. तो जुळ्यांपैकी नकुलाला मागतो. कारण कुंतीचा एक पुत्र, तो स्वतः, जिवंत आहे. माद्रीचा एकही नाही. जोडीने घेतली जाणारी ती दोन नावे तिथे थोरल्या भावाने सोडवून उच्चारली. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो त्याचा निकष. कोण अधिक कामाचा, हे त्याने पाहिले नाही. कोणाची ओंजळ अगदी रिकामी राहते आहे, हे पाहिले.

तोच निकष लावला तर प्रत्येक दिवसाचे उत्तर वेगळे येते. कधी जुळ्यांपैकी जी कमी बोलते तिची ओंजळ रिकामी असते. मग तिला एकटीलाच बाजारात न्यावे. पण बहुतेक दिवशी ती थोरल्याची असते. पाऊस उघडला की आमच्यापैकी एकजण त्याला घेऊन तुंगार्लीच्या बाजूला चालायला जातो. बरोबर पिशवी नसते, काम नसते, आणि धाकट्यांचा विषय त्याने काढला तरच निघतो. मदत मागितली तर ‘आत्ता नको’ म्हणण्याची त्याला मुभा आहे, आणि ती तो वापरतो याचा आम्हांला आनंद आहे. त्या दिवशी तो समजूतदार नसतो. सात वर्षांचा असतो.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. जुळ्यांच्या घरी जाल तेव्हा त्या दोघांच्या पाळण्याकडे वळण्याआधी दारात उभ्या असलेल्या तिसऱ्याला त्याचे नाव विचारा. नंतर जुळ्यांची नावे विचारा, पण एकेक करून. आणि नेहमीप्रमाणे एकसारखे दोन झगे न्यायचे ठरवले असेल, तर त्यांतला एक परत करून त्या पैशांत थोरल्यासाठी एखादे पुस्तक घ्या. शासनाने आमची मुले दोन धरली, त्याला आमची हरकत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मात्र ती तीन धरावीत.