फक्कीच्या रेषा आणि आपला स्थानिक इतिहास

पेण-रोह्यासारख्या गावांचा सांस्कृतिक इतिहास लिहायचा झाला, की वाचनालय, व्याख्यानमाला, हौशी नाट्यमंडळ आणि गणेशमूर्तींचे कारखाने ही प्रकरणे आपसूक ठरतात. कबड्डी संघाचे प्रकरण या अनुक्रमणिकेत सहसा नसते. ही निव्वळ नजरचूक आहे असे आम्हांस वाटत नाही. जे छापले जाते तीच संस्कृती, असा आपल्या शिक्षित वर्गाचा जुना समज आहे. आगरी, कोळी, कुणबी वस्त्यांतून वाढलेला आणि मोकळी जमीन व ओंजळभर फक्की एवढ्यावर उभा राहणारा हा खेळ त्या समजात बसत नाही.

कबड्डीला लिखित इतिहास नाही असे नव्हे. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने भरवलेले सामने, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने दाखवलेली प्रात्यक्षिके, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतील प्रवेश, २०१४ पासूनची प्रो कबड्डी लीग, हे टप्पे सर्वश्रुत आहेत. बडोद्याहून निघालेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांनी तर देशी खेळांची साक्षेपाने नोंद घेतली. परंतु हा सारा इतिहास नियमांचा आणि पदकांचा आहे. गावदैवताचे नाव लावून उतरणाऱ्या संघाला त्यात जागा नाही. आणि खेळ जगला तो अशा संघांमुळे.

या संघांच्या इतिहासात काय सापडेल? पहिली गोष्ट जमिनीची. खारेपाटात भात कापून झाले, शेत वाळले, की त्यावरच तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मैदान आखायचे आणि रात्री दिव्यांखाली सामने लावायचे, ही रीत शेतीच्या चक्रातून आली. २००८ साली विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर पेण तालुक्यातील २२ गावांचे जनमत घेण्यात आले, तेव्हा चर्चा पिकाची आणि मोबदल्याची झाली. शेत गेले की मैदानही जाते, हा हिशेब कोणत्याच कागदावर नव्हता.

दुसरी गोष्ट पोटापाण्याची. चांगल्या चढाईपटूला रेल्वे, बँक वा पोलीस दलाच्या संघात घेतले जाई आणि त्यासोबत नोकरी मिळे. अल्पभूधारक घरातल्या मुलाला पदवीवाचून खुला असलेला हा दुर्मीळ दरवाजा होता. आमच्या वर्गांत मागच्या बाकावर बसणाऱ्या अनेकांच्या आकांक्षेचा उगम इथे आहे, हे प्राध्यापक म्हणून आपण ध्यानात घेत नाही.

यावर आक्षेप येईल, की या मंडळांत भावकीचे तंटे होते, पुढाऱ्यांच्या वर्गणीचे मिंधेपण होते, मुलींना मैदान फार उशिरा मिळाले. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हा इतिहास लिहिला पाहिजे. बक्षीस कोणाच्या स्मरणार्थ ठेवले, व्यासपीठावर कोण बसले, कोणत्या आळीचा खेळाडू राखीवच राहिला, यांतून गावाची सत्तारचना जशी उघड होते, तशी ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तातूनही होत नाही. गौरवग्रंथाची गरज नाही, चिकित्सेची आहे.

साधने अजून हाताशी आहेत. वर्गणीच्या वह्या, निमंत्रणपत्रिका, गुणपत्रके, देवळाच्या माळ्यावर टाकलेल्या ढाली. एखाद्या ढालीवर ‘कुलाबा जिल्हा’ कोरलेले असेल, तर ती बहुधा १९८१ च्या नामांतरापूर्वीची, एवढे तरी ती न बोलता सांगते. मात्र मातीवर खेळलेल्या पिढीची आठवण ढालीइतकी टिकाऊ नाही. आज मुले बूट घालून मॅटवर खेळू लागली आहेत. अनवाणी खेळातली घोटापकड आणि मातीत रोवलेल्या पायाचे तंत्र ज्यांच्या अंगात होते, ते लोक वार्धक्याला पोहोचले आहेत.

महाविद्यालयांतील मराठी आणि इतिहास विभागांनी दरवर्षी एकेका गावच्या संघाची कागदपत्रे व मुलाखती नोंदवून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. तिला मोठे अनुदान लागत नाही. त्याच कवींवरचे तेच प्रबंध थोडे बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना त्यांच्याच गावी पाठवावे लागेल, इतकेच.