जोखीम हजेरीपटावर मोजता येत नाही

दिल्लीच्या अनाज मंडीतील एका इमारतीत 8 डिसेंबर 2019 च्या पहाटे आग लागली. जेथे दिवसा काम केले, तेथेच रात्री अंग टाकलेले 43 जण त्या आगीत दगावले. बहुतेक जण पोटासाठी परप्रांतांतून आलेले होते. संसदेचे हिवाळी अधिवेशन त्या वेळी चालू होते आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीचे संहिता-विधेयक स्थायी समितीपुढे होते. संसद भवन आणि ती इमारत यांत अंतर काही किलोमीटरचेच. कायद्याचा हात मात्र तेथवर पोहोचला नव्हता.

ते विधेयक पुढे नव्या रूपात आले. लोकसभेने 22 सप्टेंबर 2020 रोजी आणि विरोधकांचा बहिष्कार असताना राज्यसभेने दुसऱ्या दिवशी ते संमत केले. 13 कायदे एकत्र करणारी ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. विखुरलेले कायदे एका छत्राखाली आणण्यास तत्त्वतः कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. धोका ओळखण्यासाठी या कायद्याने हाती घेतलेले माप कोणते?

ते माप प्रामुख्याने डोकी मोजण्याचे आहे. विजेवर चालणारा कारखाना 'कारखाना' ठरण्यासाठी 1948 च्या कायद्यात 10 कामगार पुरेसे होते. आता 20 लागतात. विजेविना चालणाऱ्यासाठी 20 ची मर्यादा 40 वर गेली. सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन 500 कामगारांपासून, तर धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत 250 पासून सुरू होते. लहान उद्योगांवरील कागदी ओझे कमी व्हावे, हा यामागील युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु परवान्याचा भार आणि जिवाची जोखीम या दोन गोष्टींना एकच काटा लावता येत नाही.

सुरक्षाशास्त्र धोका आणि जोखीम यांत फरक करते. धोका हा वस्तूच्या वा प्रक्रियेच्या अंगी असतो. तो प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता किती आणि उतरल्यास हानी किती, याचा हिशेब म्हणजे जोखीम. विशाखापट्टणम येथे 7 मे 2020 च्या पहाटे काय घडले ते आठवावे. टाळेबंदीमुळे कारखान्यातील उत्पादन थांबलेले होते आणि हजेरीपट जवळजवळ कोरा होता. तरीही साठवणुकीच्या टाकीतील स्टायरीन तापत गेले आणि त्याची वाफ शेजारच्या वस्तीत शिरली. 12 जणांचे प्राण गेले. कामगारांची संख्या घटली म्हणून धोका घटला नाही; उलट देखरेख सैल झाल्याने जोखीम वाढली.

भोपाळने हाच धडा डिसेंबर 1984 मध्ये दिला होता. त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. जागेची पूर्वतपासणी, कामगारांना व परिसरातील जनतेला धोक्याची माहिती, सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग, आसन्न संकटाची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क, या तरतुदी त्यातून आल्या. प्रक्रियेचे स्वरूप पाहून कायदा लावण्याची ती दृष्टी होती. नव्या संहितेतही तिचा बराचसा अंश आहे. मात्र ती मध्यवर्ती राहिलेली नाही.

नियंत्रणाचाही एक सर्वमान्य क्रम आहे. आधी धोका मुळातूनच काढावा. ते न जमल्यास घातक पदार्थाऐवजी सौम्य पदार्थ वापरावा. मग यंत्राला आडोसा, हवेला वाट, आपोआप बंद होणारी झडप. त्यानंतर कामाचे नियम व प्रशिक्षण. आणि सर्वांत शेवटी हेल्मेट, हातमोजे, मुखपट्टी. आपल्याकडे हा क्रम अनेकदा उलटा लागतो. 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी फलक लागतात, शपथ होते, हेल्मेटे वाटली जातात; अडगळीने भरलेला जिना मात्र तसाच राहतो. अपघातानंतर 'कामगाराचा निष्काळजीपणा' हा शेरा मारण्याची सोयही त्यातूनच होते.

वास्तविक धोका सर्वांत आधी कळतो तो कामगारालाच. झडप कुठे गळते, तार कुठे तापते, हे त्याला अहवालाविना ठाऊक असते. परंतु ठेकेदारामार्फत आलेला परप्रांतीय कामगार उद्याची रोजी गमावण्याच्या भीतीने बोलत नाही. सूचना देण्याचा हक्क कायद्यात असणे आणि तो निर्भयपणे वापरता येणे, यांत मोठे अंतर आहे. निरीक्षकाच्या पदनामाला आता 'सुविधाकार' अशी जोड मिळाली आहे. ही सुविधा मालकाइतकीच या कामगाराच्याही वाट्याला यावी.

यावर उपाय संहितेतच आहे. जेथे धोकादायक वा जीवघेणे काम चालते, अशा आस्थापनांना कामगारसंख्येची अट न ठेवता संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे. त्यासाठी नवा कायदा नको, अधिसूचना पुरेशी आहे. रसायनांची गोदामे, फटाक्यांचे कारखाने, दाट वस्तीतील बंदिस्त कार्यशाळा यांची यादी करणे मंत्रालयांना अवघड नाही. लिखित जोखीम-मूल्यमापन, त्याची ठरावीक मुदतीने फेरतपासणी आणि ते कामगाराला समजेल अशा भाषेत भिंतीवर लावणे, एवढे तरी प्रत्येक राज्याने बंधनकारक करावे. अनाज मंडीतील मृतांची मोजदाद अचूक झाली. त्यांच्या जिवाला असलेल्या जोखमीची मोजदाद कोणीच केली नव्हती. संहितेचे यशापयश याच दुसऱ्या मोजदादीवर ठरेल.