तंबू किती ते नंतर, रात्री किती ते आधी



थंडी पडू लागली की तोरणमाळच्या घाटात शहराकडच्या गाड्या दिसू लागतात. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथांचे देऊळ पाहायला लोक येतात आणि मुक्कामाला जागा शोधतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. २०१७ साली तिथल्या चेतक महोत्सवात पाहुण्यांसाठी तंबूंची वसाहतच उभी राहिली होती. हे पाहून आपल्याकडच्या काही मंडळींच्या मनात येते, की बांधाकडेच्या पडीक तुकड्यावर आपणही पाच तंबू टाकले तर?

विचार वाईट नाही. बारामतीजवळ पळशीवाडीला २००५ च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू झाले, आणि २०२० साली राज्य शासनाने त्यासाठी धोरणही जाहीर केले. पण कपाशी लावताना आपण बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च मांडतो, तसा या पिकाचाही मांडला पाहिजे. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या गावचे भाव घालून ते बदलून घ्यावेत.

समजा, पाच तंबू टाकले. ओटा, खाटा व अंथरूण-पांघरूण धरून एका तंबूला २५,००० रुपये, म्हणजे पाचांना १,२५,००० रुपये. संडास-न्हाणीच्या दोन जोड्या १,००,००० रुपये. पाण्याची टाकी, नळ, स्वयंपाकाची शेड, भांडी, दिवे व कुंपण ७५,००० रुपये. एकूण भांडवल ३,००,००० रुपये. त्यातले दोन लाख कर्जाऊ घेतले.

आता वर्षाचा खर्च. पाहुणा येवो न येवो, हा खर्च चुकत नाही. बैलजोडी जशी दरवर्षी थोडी थोडी उतरते, तसा तंबूही उतरतो. ऊन, वारा आणि उंदीर त्याला पाच वर्षांपेक्षा जास्त टिकू देत नाहीत. तंबूंची झीज वर्षाला २५,०००, वीस वर्षे टिकणाऱ्या संडास-न्हाणीची ५,००० आणि दहा वर्षे चालणाऱ्या बाकी सामानाची ७,५०० रुपये. दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज २०,०००. राखणदाराला पाच महिन्यांचा पगार ४०,०००. डागडुजी ७,५००. नोंदणी, वीज, फोन ५,०००. बेरीज झाली १,१०,००० रुपये.

जमेची बाजू पाहू. एका तंबूत दोन माणसे, रात्रीचे जेवण, सकाळचा चहा-नाश्ता धरून १,५०० रुपये घेतले. त्यातून शिधा ५०० रुपये, सरपण, धुलाई व पाणी १५० रुपये आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्याची दलाली १०० रुपये गेली. हाती उरले ७५० रुपये. १,१०,००० ला ७५० ने भागा. १४७ येतात. म्हणजे वर्षात १४७ वेळा तंबू भाड्याने गेला, तर तोटा नाही आणि नफाही नाही.

इथेच खरी गोम आहे. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात शनिवार सतराच येतात. पावसाळ्यात तोरणमाळला गर्दी होते खरी, पण डोंगरावरच्या पावसा-वाऱ्यात कापडी तंबू चालवणे शहाणपणाचे नाही. सतरा शनिवार आणि सुट्यांच्या आठ रात्री मिळून पंचवीस रात्री. त्या सगळ्या भरल्या, एकही तंबू रिकामा राहिला नाही, तरी पाच तंबूंचे १२५ मुक्काम होतात. बावीस कमी पडतात. सव्वासोळा हजारांची तूट, आणि वर कर्जाचा हप्ता उभाच.

मग करू नये का? करावे, पण अंथरूण पाहून. दोनच तंबू, एक संडास-न्हाणी आणि घरचीच चूल. भांडवल सुमारे १,२०,००० रुपये, तेही गाठीचे. झीज १४,५००, डागडुजी ३,००० आणि इतर ४,००० मिळून वर्षाचा बांधील खर्च २१,५०० रुपये. आता २९ मुक्कामांत खर्च निघतो. पंचवीस रात्री दोन्ही तंबू भरले, तर ५० मुक्काम होतात आणि १६,००० रुपये उरतात. पण याला नफा म्हणू नका. घरातल्या दोन माणसांनी पंचवीस रात्री चूल पेटवली, पाणी भरले, जागरण केले, त्यांची ती मजुरी आहे. हे पैसे घरच्या बाईच्या हाती पडावेत, कारण निम्म्याहून अधिक काम तिचे असते. आमचूर, कडधान्य, मिरची पाहुण्यांना बांधून दिली, तर त्यात आणखी भर पडते.

काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. येण्याआधी निम्मे पैसे घ्या, नाहीतर शिजवलेले अन्न वाया जाते. संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या बाजूला असावा. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. जेवण विकायचे, तर त्याचीही नोंदणी लागते.

सर्वांत महत्त्वाची बाब जमिनीची. बाहेरचा कोणी येतो, 'पैसा माझा, जमीन तुमची' म्हणतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला भाडेपट्ट्याने द्यायची, तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. म्हणून सही करण्याआधी तलाठ्याला आणि तहसील कचेरीत विचारा. तंबू फाटला तर नवा आणता येतो. गेलेला सातबारा परत मिळवायला आयुष्य पुरत नाही.

यंदा दोन तंबू टाका आणि एक वही ठेवा. कोणत्या रात्री कोण आले, किती खर्च झाला, किती उरले, ते रोज लिहा. तिसरा तंबू घ्यायचा की नाही, हे दोन हंगामांनंतर ती वहीच सांगेल.