‘के’चे आडनाव

अनुराग कश्यपच्या ‘नो स्मोकिंग’ (२००७) या चित्रपटाच्या नायकाचे नाव फक्त ‘के’ आहे. त्याचा धर्म विचारावा असे कुणालाच वाटत नाही. हा श्रीमंत, मग्रूर माणूस सिगारेट सोडवणाऱ्या एका बाबाच्या तावडीत सापडतो, आणि मग स्वप्न कुठे संपते नि जाग कुठे येते हे त्यालाही कळत नाही, प्रेक्षकालाही नाही. ‘मी कोण?’ हे अशा काळोख्या चित्रपटांचे लाडके कोडे. जाणकार त्यावर बेहद्द खूश असतात. आम्ही नाही.

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत भाड्याचे घर शोधताना आमचे कोडे एका क्षणात सुटते. “नाव काय म्हणालात, सर?” एजंटचा एवढाच प्रश्न. मग किल्ली सापडत नाही, मालक गावाला जातो. आम्ही कोण हे आम्हांला उमगलेले नसले तरी समोरच्याला ते पक्के ठाऊक असते. ओळखीचे गूढ ही चैन आहे. ज्याला नाव सांगून काही गमवावे लागत नाही त्यालाच ती परवडते.

‘के’ हे अक्षर मूळ काफ्काचे. काफ्का म्हणजे प्रागमध्ये राहून जर्मनमध्ये लिहिणारा ज्यू. त्याच्या ‘द ट्रायल’मधला योसेफ के. एका सकाळी पकडला जातो. गुन्हा कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही. काफ्का १९२४ मध्ये वारला, पुढे त्याच्या तिन्ही बहिणी नाझी राजवटीत मारल्या गेल्या. मुंबईच्या पडद्यावर ते अक्षर तेवढे आले, भीती वाटेतच गळाली.

आता नाव असलेला नायक घ्या. राजकुमार गुप्ता यांचा ‘आमिर’ (२००८). लंडनहून परतलेल्या डॉ. आमिर अलीच्या हाती विमानतळाबाहेर फोन येतो, घरचे ओलीस असल्याचे कळते आणि त्याला मुस्लिम मोहल्ल्यांतून फिरवले जाते. राजीव खंडेलवालचे काम चोख आहे. पण वाटेतला जवळजवळ प्रत्येक चेहरा कटात सामील असल्यासारखा रोखून पाहतो. (आमच्याकडे असा पाहणारा एकच, उधारी थकलेला वाणी.) ‘के’चा चक्रव्यूह त्याच्या मनात आहे, आमिरचा चक्रव्यूह म्हणजे आमची वस्ती. आणि बॉम्बची बॅग उराशी धरून मेल्याशिवाय आमिर निर्दोष ठरत नाही.

खरा ‘के’ आमच्याच पेशातला आहे. ११ जुलै २००६ रोजी आमच्या पश्चिम मार्गावरच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, १८०हून अधिक माणसे मेली. त्या खटल्यात शाळाशिक्षक अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षे तुरुंगात राहिले आणि २०१५ मध्ये निर्दोष सुटले. त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ लिहिले. २०२२ मध्ये त्यांच्यावर ‘हिमोलिम्फ’ हा चित्रपट आला. शिक्षा झालेल्या १२ जणांनाही उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले. तो निकाल दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही.

आमचे भांडण दिग्दर्शकांपुरतेच नाही. मुस्लिम मराठी कथेतला नायकही पहिल्या ओळीपासून चारित्र्याचा दाखला हातात घेऊन उभा असतो. तो खोटे बोलत नाही, बायकोपासून काही लपवत नाही. लेखकाने त्याचा जामीन आधीच भरलेला! अशा माणसाला स्वप्नही पडत नाही.

आम्हांला कथा हवी ती अशी : शेवटच्या विरार लोकलने वसईला उतरलेला एखादा शकील एकसारख्या इमारतींत भलताच जिना चढतो. किल्ली कुलपाला लागते. आत त्याच्याच चेहऱ्याचा माणूस जेवायला बसलेला असतो. पुढे काय व्हायचे ते होवो, शकील हे नाव तेवढे पुरावा म्हणून दाखल होऊ नये.