लेकराला दया, आईला दगड?

‘त्या लेकराचा काय दोष?’ एचआयव्हीबाधित बालकाचा विषय निघाला की आपल्या तोंडून हा उद्गार हमखास निघतो. वरवर पाहता तो करुणेचा आहे. पण त्यात एक न उच्चारलेला निवाडा दडलेला असतो: लेकरू निर्दोष, म्हणजे आई दोषी. ह्या निवाड्याला माझा विरोध आहे. तो अन्यायकारक तर आहेच. शिवाय ज्या लेकरासाठी आपण हळहळतो, त्याच्याच जिवावर तो उठतो.

हा विषाणू आईकडून बाळाकडे गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून जातो. उपचार झाले नाहीत तर शंभरांपैकी १५ ते ४५ बालकांना बाधा होते. वेळेवर औषधे मिळाली तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत उपचार देण्यास २००४ साली प्रारंभ झाला. मात्र त्यासाठी आईने आधी रक्त तपासून घ्यावे लागते आणि पुढे रोज गोळी घ्यावी लागते. जिला सासरची, शेजाऱ्यांची आणि चर्चच्या आवारातील कुजबुजीची धास्ती आहे, ती तपासणी टाळते, गोळ्या लपवते. बाळाचे रक्षण आईच्या हातून होते. तो हातच आपण झिडकारला, तर बाळ वाचणार कसे?

असंख्य विवाहितांना ही बाधा पतीकडूनच झालेली असते. परंतु मी तिच्या निर्दोषत्वाचा पुरावाही मागणार नाही. औषधाला आणि आधाराला चारित्र्याचा दाखला लागतो, असे प्रभू येशूने कोठे शिकवले? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे विचारले होते. प्रभूने तो प्रश्नच नाकारला आणि त्या माणसाला दृष्टी दिली. आपण मात्र अजून त्याच प्रश्नाशी अडून बसलो आहोत.

आईला वगळून लेकराचा कैवार घेता येत नाही, हे एका लेकरानेच जगाला सांगितले. दक्षिण आफ्रिकेतील न्कोसी जॉन्सन जन्मतःच बाधित होता. आजारी आईपासून तो लहानपणीच दुरावला. जुलै २००० मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, डर्बन येथील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत त्याने गरोदर मातांना औषध देण्याची मागणी आपल्या सरकारकडे केली. बाधित माता व मुले एकत्र राहावीत, ही त्याची तळमळ होती. १ जून २००१ रोजी तो वारला.

आपल्या देशात १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने शाळा, रुग्णालय, नोकरी व निवारा ह्यांबाबत बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. पण कुजबुजीला कायदा आवर घालू शकत नाही. ते काम आपले. विवाहपूर्व शिबिरांत तपासणीविषयी मोकळेपणाने बोलले जावे. धर्मग्रामातील भगिनींनी अशा मातेबरोबर रुग्णालयात जावे, तिचे गुपित जपावे, बाकावर तिच्या शेजारी बसावे. आणि पुन्हा कधी ‘त्या लेकराचा काय दोष?’ असे शब्द ओठांवर आले, तर बंधुभगिनींनो, तेथेच थांबून त्याच्या आईची विचारपूस करावी.