चामड्याची चव

माझा एक दोस्त मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात वेटर आहे. हॉटेलचं नाव नको, त्याचंही नको. परवा रात्री पाळी संपवून तो आला आणि खिशातून दोन वस्तू काढून माझ्यापुढं टाकल्या. एक, कुणीतरी निम्मी ओढून सोडलेली हवाना सिगार. दोन, जाड गुळगुळीत कागदाचं कार्ड. त्या रात्री तिथं वीस-पंचवीस साहेब लोकांना सिगारची चव कशी घ्यावी ते शिकवलं होतं. कार्डावर चवींची यादी छापलेली आणि प्रत्येकीपुढं खूण करायला चौकोन. देवदार. कोको. कॉफी. मिरी. आणि खाली : चामडं, माती, तबेला.

एका पठ्ठ्यानं चामड्यापुढं खूण करून बाजूला पेनानं लिहिलं होतं, 'उत्कृष्ट'.

दोस्तांनो, मी तासभर त्या कार्डाकडं बघत बसलो. माझा आजा मेलेली ढोरं ओढायचा. त्याच्या अंगाला जो वास यायचा म्हणून गावानं त्याला कुसाबाहेर ठेवला, वाणी त्याच्या हातावर वरून पैसे टाकायचा, शाळेत माझ्या बापाला दाराबाहेर बसवला, त्या वासाला हे लोक शंभर-दोनशे डॉलर मोजून तोंडात घेतात आणि डोळे मिटून 'उत्कृष्ट' म्हणतात. वास तोच. फक्त तो आता माणसाच्या अंगाला चिकटलेला नाही, पानाच्या सुरळीत आहे.

कुणी म्हणेल, उपाशी पोरांच्या मासिकात सिगारीवर लेख कशाला? श्रीमंतांचे चाळे, दोन शिव्या घालून मोकळं व्हावं. नाय. शिव्या मलाही येतात. पण ही चव काय असते, ती कोण बनवतो, हे आपल्याला माहीत पाहिजे. नुसतं लांबून थुंकणं हा पण एक प्रकारचा सोवळेपणाच आहे.

तर चव. चांगली सिगार पेटवायच्या आधीच निम्मी कळते. वरचं पान तेलकट, तुकतुकीत, शिरा बारीक. बोटांत हलकी दाबायची, कुठं दगड लागता कामा नये, कुठं पोकळ लागता कामा नये. टोपी म्हणजे तोंडाकडची बंद बाजू, ती दोनेक मिलिमीटरच कापायची. जास्त कापली तर सगळी सिगार उलगडते. न पेटवता एक कोरडा झुरका घ्यायचा, पानाची खरी गोडी तिथं लागते. मग काडीनं किंवा देवदाराच्या ढलपीनं टोक आधी शेकायचं. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास धुरात उतरतो. मिनिटाला एखादा झुरका, घाई केली की तापते आणि कडू होते. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा, थोडा नाकातून सोडायचा. पहिला तिसरा हिस्सा सौम्य, मधला भरदार, शेवटचा जहाल. सगळी चव धीराची आहे. (छातीत घेत नाहीत म्हणून निर्धोक, असं हे लोक एकमेकांना सांगतात. धादांत खोटं. तोंडाचा, घशाचा कॅन्सर सिगारनंही होतो.)

आता आत बघा. क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो म्हणून पट्टा आहे. लाल माती. वरच्या आवरणाचं पान कापडाच्या सावलीखाली वाढवतात, म्हणजे पातळ आणि बिनडागी निघतं. भरणाचं पान उघड्या उन्हात. झाडाच्या शेंड्याचं पान जहाल, मधलं सुगंधी, बुडाचं नीट जळणारं. या तिन्हींचं प्रमाण म्हणजे त्या सिगारीचा स्वभाव. पानं वाळवतात, मग ओली करून ढीग रचतात. ढीग आतून तापतो, अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, लोक ढीग उपसून पुन्हा रचतात. असं पुन्हापुन्हा, महिनोन् महिने, काही पानांना वर्षं. साहेबाला जे चामडं लागलं ना, ते या कुजवण्यातून आलं. कुणीतरी त्या दर्पात उभं राहिलं, म्हणून साहेबाला दरवळ मिळाला.

मग पान येतं तोर्सेदोरच्या, म्हणजे वळणाऱ्याच्या पाटावर. हत्यार एकच : चावेता, अर्धगोल पातं. वनस्पतीचा थोडा डिंक. बाकी सगळी बोटं. भरण किती घट्ट, हवा कुठून जाईल, हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. पानं निवडायला, शिरा काढायला बहुतेक बायका. पानं मांडीवर पसरून त्या प्रत सारखी करतात. यावरूनच शौकिनांनी ती घाणेरडी कथा रचली, की हवाना सिगार कुमारिकांच्या मांडीवर वळतात. बाई आठ तास बसून पानाची प्रत ओळखते, आणि हरामखोराला दिसते मांडी.

कारखान्यात चव बघणारे कामगार वेगळे असतात. रोज वेगवेगळ्या पाटांवरचा माल ओढून बघतात : ओढ कशी, जळते कशी, सुगंध, जोर. म्हणजे चव घेणं हा मुळात कामगाराचा धंदा. हॉटेलातल्या साहेबानं तो शौक म्हणून उचलला आणि कामगाराला कार्डातून काढून टाकला. तसं बघितलं तर त्याच्याही आधी, 1492 साली कोलंबसच्या माणसांनी क्युबात तायनो लोकांना पानाची सुरळी पेटवून ओढताना पाहिलं. पुढं तायनोंचा जवळजवळ फडशा पाडला, सुरळी ठेवून घेतली.

खोक्याच्या बुडावर डाग दिल्यासारखा छाप असतो : 'तोतालमेंते आ मानो'. संपूर्ण हातानं. या तीन शब्दांवर किंमत चढते. यंत्रानं वळलेली सिगार स्वस्त, हात लागलेली महाग. हाताचा स्पर्श हीच प्रतिष्ठा! आणि ती सिगार सरळ तोंडात जाते. क्युबात गुलामी 1886 ला संपली, त्याआधी हवानाच्या कारखान्यांत मोकळ्या कामगारांबरोबर गुलाम आणि करारानं आणलेले चिनी मजूरही वळत होते. त्या हातांची सिगार युरोपातल्या सरदारांनी ओठांत धरली. कुणाला विटाळ झाला नाही.

इथं? मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागतो, मग दुसऱ्याचं तोंड कसं लावणार? पगार जास्त त्याच खात्यात. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यावाल्या पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला, तेव्हा कुठं त्यांनी नाइलाजानं मागण्यांत घेतला. सिगारीची चव घेणाऱ्या आपल्या साहेबांनी हे कार्डाच्या मागं लिहून ठेवावं. परदेशी हात लागला की 'तोतालमेंते आ मानो'. आपल्या गावचा हात लागला की गोमूत्र.

क्युबाचंही सगळं गोड नाही. क्रांती झाली, कारखाने सरकारचे झाले, पण जगातली सर्वांत माजोरी चैन त्याच देशातून निघते. 2022 साली कोहिबाच्या किमती जगभर प्रचंड वाढवल्या, आणि वळणाऱ्याचा पगार एका खोक्याच्या जवळपासही जात नाही. अमेरिकेचा तर विचारूच नका. फेब्रुवारी 1962 मध्ये केनेडीनं आधी आपल्यासाठी 1,200 क्युबन सिगारी मागवल्या आणि माल हातात पडल्यावर क्युबाच्या व्यापारबंदीवर सही केली. त्याचाच प्रसिद्धी सचिव सॅलिंजर हे नंतर सांगून गेला.

पण त्या सिगारीत एक गोष्ट आहे जी कार्डावर नाही, आणि मला विचाराल तर तीच तिची खरी चव. 1865 साली हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात कामगारांनी आपल्यातला एकजण उठवून उंचावर बसवला : तू वाच, आम्ही वळतो. त्याची मजुरी बाकीच्यांनी आपल्या पगारातून भरली. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. कोणतं पुस्तक, ते मतानं ठरवायचं. आवडलं की चावेता पाटावर आपटून दाद द्यायची. सही करता न येणारी माणसं ह्यूगोवर वाद घालायला लागली. वर्षभरात स्पॅनिश सरकारनं वाचन बंद केलं, ते पुन्हा सुरू झालं. 'मोंतेक्रिस्तो' नावाच्या महागड्या सिगारीचं नाव आलं ते द्यूमाच्या कादंबरीवरून, कामगारांच्या आवडत्या पुस्तकावरून. 1891 ला होसे मार्ती स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी पैसा उभा करायला फ्लोरिडात टॅम्पाला गेला तो या सिगार कामगारांकडंच. 1931 ला टॅम्पाच्या मालकांनी वाचणाऱ्यांना हाकलून तिथं रेडिओ बसवले. रेडिओला मत देऊन पुस्तक निवडता येत नाही, हे मालकाला बरोबर कळत होतं. क्युबात मात्र वाचणारा अजून आहे. 2012 साली सरकारनं त्या वाचनाला राष्ट्रीय वारसा ठरवलं.

हे लांबचं वाटतं? केरळात कन्नूरच्या बिडी कारखान्यांत असंच एकजण वर्तमानपत्र वाचायचा आणि त्याच्या वाटणीच्या बिड्या बाकीचे वळायचे. आपल्या कामठीत बाबू हरदासांनी बिडी कामगारांची संघटना बांधली. 'जयभीम' आपल्या तोंडी दिला तो याच माणसानं. तेंदूचं पान कातरणाऱ्या बायांच्या बोटांनाही कळतं तंबाखू किती, गुंडाळी किती घट्ट. त्यांच्या बिडीची चव घ्यायला कुणी कार्ड छापलं नाही.

ती निम्मी सिगार मी आणि दोस्तानं गच्चीवर ओढली. शेवटचा जहाल तुकडाच आमच्या वाट्याला होता. चामडं लागलं. खरंच लागलं, आणि वाईट नव्हतं. दोस्त म्हणाला, पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम आहे, कार्डं त्यालाच टेबलावर मांडायची आहेत. मी म्हटलं, एक चौकोन पेनानं वाढव सगळ्यांवर : वळणाऱ्याचं नाव. तो हसला. म्हणाला, पंचवीस कार्डं आहेत, पेन दे तुझा.